फेर धरा, जागा आहे!

दोस्तांनो, गॅदरिंग जवळ आलं की वर्गात एक ठरलेला प्रसंग घडतो. नाच बसवणाऱ्या बाई येतात, बाकांवरून नजर फिरवतात आणि बोट दाखवत म्हणतात, ‘‘तू, तू, तू आणि तू!’’ आठ-दहा मुली टुणकन उठतात. उरलेल्या चाळीस जणी बसून राहतात.

मी त्या चाळीसांतली. सातवीत असताना फारच हट्ट केला, म्हणून एकदा मला नाचात घेतलं. पण तिसऱ्याच दिवशी बाई म्हणाल्या, ‘‘तुझा ताल चुकतो गं. तू आपली पडदा ओढ.’’ मी पडदा ओढला. चांगला ओढला हो! पण दोरी धरून विंगेतून नाच बघताना डोळे भरून आले होते, ते अजून आठवतंय.

आता गंमत ऐका. त्याच वर्षी, दोन-तीन महिने आधी, याच ताल चुकणाऱ्या मुलीनं गल्लीत रोज संध्याकाळी नाच केला होता. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगला महिनाभर! आणि ‘‘तू बाजूला हो’’ असं कुणी म्हटलं नव्हतं. उलट मी अडखळले, की ओट्यावर बसलेली मोठी माय ओरडायची, ‘‘ताल चुकना ते चुकू दे, पन फेर नको सोडू!’’

तो नाच होता गुलाबाईचा. आणि आज मी तुम्हांला सांगणार आहे ती गोष्ट फेराचीच. सगळ्यांनी मिळून धरायच्या फेराची.

एका गुलाबाईत किती कला?

जळगाव-धुळ्याकडच्या मुलींना गुलाबाई सांगायला नको. कुठं तिला गुलाबाई म्हणतात, कुठं भुलाबाई. भाद्रपदाच्या पौर्णिमेला ती घरी येते आणि कोजागिरीच्या पौर्णिमेला निरोप घेते. विदर्भातही भुलाबाई असते. पुण्या-साताऱ्याकडच्या मुली पाटावर हत्ती काढून भोंडला किंवा हादगा खेळतात, ती हिची बहीणच म्हणा ना! आमच्याकडे मात्र मातीची मूर्ती असते. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोबा म्हणजे शंकर. माहेरपणाला आलेली लेक आणि सोबत आलेले जावईबापू.

संध्याकाळ झाली, की मुली टिपऱ्या घेऊन निघायच्या. आज हिच्या घरी, मग तिच्या घरी. प्रत्येक घरी गाणी म्हणायची, टिपऱ्यांवर ताल धरायचा, फेर धरायचा आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा झाकलेला! आत काय आहे? घरची मुलगी डबा हलवून दाखवणार आणि बाकीच्या कान टवकारून अंदाज बांधणार. ‘‘गोड की तिखट?’’ ‘‘वाजतंय, म्हणजे शेंगदाणे!’’ ‘‘छे, फुटाणे!’’ कुणालाच ओळखता आलं नाही, की त्या घरची मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत ऐटीत फिरायची.

आता जरा बोटं मोजा. मूर्ती घडवणं ही एक कला. तिच्याभोवती आरास करणं, काही घरी ज्वारीच्या ताटांचा मांडव उभा करणं, ही दुसरी. गाणं तिसरी. टिपऱ्यांचा ताल चौथी. फेर पाचवी. गाण्यातली सासू, नणंद, मुऱ्हाळी म्हणून आलेला भाऊ, यांचे आवाज काढणं म्हणजे अभिनय, ही सहावी. आणि खिरापत? ती सातवी! कुणीही न ओळखावी अशी खिरापत करणं हे काय सोपं काम आहे?

म्हणजे बघा, जिचा आवाज चांगला ती गाणं उचलायची, जिला तालाचं अंग ती टिपऱ्या वाजवायची, जी लाजरी ती आरास करायची. पण शेवटी फेरात सगळ्याच असायच्या. एवढ्या सगळ्या कला एकत्र येत होत्या आणि कुणालाही वाटत नव्हतं, की आपण काहीतरी मोठं करतोय. खेळच तो!

अजून एक गोष्ट. या गाण्यांतून मुली सासरच्या जाचाबद्दल, माहेरच्या ओढीबद्दल मोकळेपणानं बोलून घ्यायच्या. एरवी वर मान करून बोलायची चोरी, पण फेरात सगळ्या एका सुरात सासूची टिंगल करायच्या आणि कुणी रागवायचं नाही. एकटीनं म्हटलं तर उद्धटपणा, दहाजणींनी म्हटलं तर गाणं! फेराची ताकद ही अशी असते.

मुखवट्यांची रात्र

तुम्ही म्हणाल, हे झालं मुलींचं. मोठी माणसं असं काही करतात का? करतात तर! त्यासाठी धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, साक्री तालुक्यातल्या डोंगराळ भागात जायला हवं. तिथल्या कोकणा आदिवासींच्या वस्त्यांत ‘भवाडा’ होतो. नाशिक आणि पालघर जिल्ह्यांतल्या आदिवासी भागात त्यालाच ‘बोहाडा’ म्हणतात. शेतीची कामं आटोपली, उन्हाळा लागला, की याचे दिवस येतात.

रात्र पडते. संबळ घुमायला लागतो, पिपाणीचा चिरका सूर वर चढतो. टेंभ्यांचा उजेड हलायला लागतो आणि त्या उजेडात एकेक सोंग येतं. गणपती येतो, सरस्वती येते. मारुती, रावण, नरसिंह, वेताळ असे एकामागून एक येत राहतात. देवी आणि महिषासुराची लढाई होते, तेव्हा लहान मुलं आईच्या पदराआड जातात आणि पदराच्या कडेनं बघतातच!

सोंगांचे मुखवटे लाकडात कोरलेले किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. काही चांगलेच मोठे आणि जड. असा मुखवटा चढवून उड्या मारता येतील का? मान वाकडी करता येईल का? म्हणून नाचणाऱ्याची पावलं मुखवट्याच्या वजनाप्रमाणं पडतात. पावलं पडतात तसा संबळ वाजतो. म्हणजे मुखवटा कोरणाऱ्यानं नकळत नाचही थोडा घडवलेला असतो आणि वादनही! चित्रकला, शिल्प, संगीत, नाट्य आणि नृत्य असे निरनिराळे विषय पुस्तकात असतात. इथं त्यांच्यात भिंतच नाही.

कितीतरी गावांत अमुक सोंग अमुक घराचं असं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. आजोबांनी नाचवलेला मुखवटा नातू नाचवतो. एखाद्या घरानं आपलं सोंग आणलं नाही, तर गोष्टच अपुरी राहील. गावाला प्रत्येक घराची गरज आहे, हे सांगायची ही किती छान रीत आहे!

माणूसच झाला वाद्य

आता साक्रीहून उत्तरेकडे, सातपुड्यात चला. हा भाग आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला, तोवर हे सगळं एकच होतं. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची होळी पाहायला तर लांबलांबून लोक येतात.

इथं भिल्ल आणि पावरा समाजाची माणसं गावोगावहून आपापले ढोल घेऊन येतात. काही पुरुष ‘बुध्या’ होतात. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे. पाऊल पडलं, की भोपळे खडखडतात, घुंगरं छमछमतात. इथं नाचणारा वेगळा आणि वाजवणारा वेगळा असं नाही, नाचणारा माणूसच वाद्य! बुध्या होणं म्हणजे नुसता वेष करणं नव्हे बरं का. तो नवस असतो. त्यासाठी काही दिवस नेम पाळावे लागतात, जमिनीवर झोपावं लागतं.

जंगलातून आणलेला उंचच उंच बांबू मधोमध उभा करतात. रात्रभर ढोल आणि नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. हजारो माणसं रात्रभर एका तालात कशी राहत असतील? तालमी नाहीत, नृत्यदिग्दर्शक नाही. त्याचं गुपित असं, की लहान पोरं आईच्या कडेवर बसूनच हा ताल ऐकत वाढलेली असतात. पायाला तो शिकवावा लागत नाही.

पण फेराला कुंपण होतं

हे सगळं वाचून तुम्हांला वाटेल, जुनं ते सगळं सोनं. थांबा! खरं सांगायचं, तर या फेरांना कुंपणंही होती.

गुलाबाईच्या फेरात मुलगे नसायचे. ते खिरापतीच्या वेळी बरोबर हजर! भवाड्यात देवीचं सोंगसुद्धा पुरुषच घ्यायचे. आणि गल्लीतल्या फेरात गल्लीतल्याच मुली असायच्या. गावकुसाबाहेरच्या मुलींचा फेर त्यांच्या वस्तीत. दोन्ही फेरांत खेळ एक, पण हात हातात नाही.

हे कुंपण मोडायचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला, तो राष्ट्र सेवा दलाचा. १९४१ साली सेवा दल सुरू झालं. साने गुरुजींच्या विचारांची त्यावर दाट छाया. गुरुजी म्हणजे आपल्या अमळनेरचे लाडके शिक्षक. तिथं १९२४ ते १९३० ते शाळेत शिकवत होते. पुढं पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं, म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केलं, ते तुम्हांला माहीत असेलच.

सेवा दलाचं एक कलापथक होतं. वसंत बापटांसारखे कवी त्यासाठी लिहायचे, लीलाधर हेगडे आपल्या खड्या आवाजात गायचे, सुधा वर्दे नाचायच्या. ‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’ असे त्यांचे कार्यक्रम गाजले. कोळ्यांचा नाच, शेतकऱ्यांचा नाच, निरनिराळ्या प्रांतांतले नाच आणि त्यांना जोडणारं निवेदन. नाचणारी मुलं-मुली निरनिराळ्या जातींची, निरनिराळ्या घरांतली. एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, एकत्र तालीम करायची. ज्या काळात मुलींनी स्टेजवर यायचं म्हटलं तरी घरात वादळ व्हायचं, त्या काळात मुलं-मुली एकाच रांगेत नाचत होती. नीळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे पुढं गाजलेले नटही सेवा दलाच्याच कलापथकात तयार झाले.

आणि खानदेशातल्या एका घरातली मुलगीही लहानपणी या फेरात होती. तिचं नाव स्मिता पाटील! तिचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. घरी सेवा दलाचंच वातावरण. १९५५ साली जन्मलेली ही मुलगी पुढं केवढी मोठी अभिनेत्री झाली, ते आईबाबांना विचारा. पण त्याआधी ती अनेकांतली एक होऊन नाचायला शिकली होती.

बर्लिनची अडीचशे मुलं

असे फेर जगात इतरत्रही धरले जातात. एक गोष्ट तर अगदी आपल्या होळीची आठवण करून देणारी आहे.

इगोर स्ट्राविन्स्की नावाच्या रशियन संगीतकारानं ‘राइट ऑफ स्प्रिंग’ ही रचना केली. गोष्ट जुन्या काळच्या खेड्यातली. वसंत ऋतू येतो, टोळीतली माणसं जमतात, फेर धरतात, जमिनीवर पाय आपटत नाचतात. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. नाच निजिन्स्कीनं बसवला होता. पडदे आणि कपडे निकोलस रोरिक या चित्रकारानं केले होते. हाच रोरिक पुढं भारतात आला, हिमाचलात कुलूजवळच्या नग्गर गावी राहिला आणि १९४७ साली तिथंच वारला. त्या दिवशी पॅरिसच्या प्रेक्षकांना ते आदळणारे ताल आणि वाकड्या पावलांचा नाच काही रुचला नाही. थिएटरात असा गोंधळ उडाला, की नाचणाऱ्यांना संगीतही धड ऐकू येईना!

नव्वद वर्षांनी, जानेवारी २००३ मध्ये, हीच रचना जर्मनीत बर्लिन शहरात झाली. वादक जगप्रसिद्ध. बर्लिन फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद आणि त्याचे संचालक सायमन रॅटल. पण नाचणारे कोण? शहरातल्या शाळांमधली अडीचशे मुलं! त्यांतली बहुतेक कधी नाचली नव्हती. कितीतरी मुलांचे आईबाप परदेशांतून बर्लिनला आलेले. कुणाला नीट जर्मन येत नव्हतं, कुणाचं अभ्यासात लक्ष नव्हतं. नाच झाला तोही झुळझुळीत नाट्यगृहात नव्हे, तर बसगाड्यांच्या एका जुन्या डेपोत.

नाच बसवणारे इंग्रज गृहस्थ होते रॉयस्टन मालडूम. त्यांची पहिली अट काय होती ठाऊक आहे? नाच नाही, तर गप्प उभं राहणं! मुलं खिदळायची, एकमेकांना ढकलायची. मालडूम काही ऐकेनात. मुलांना इतकं ताणू नका, त्यांना नुसती मजा करू द्या, असं काही शिक्षकांनाही वाटलं. पण मालडूम यांचं म्हणणं असं, की या मुलांकडून थोडंच होईल असं समजणं हाच त्यांचा अपमान आहे. आणि सहा आठवड्यांच्या मेहनतीनंतर अडीचशे मुलं त्या अवघड तालावर एका श्वासात नाचली. यावर २००४ साली ‘रिदम इज इट’ नावाचा माहितीपट निघाला.

यातून दोन गोष्टी कळतात. सगळ्यांना फेरात घ्यायचं, ही पहिली. आणि सगळ्यांना घेतलं म्हणून कसंही नाचलं तरी चालेल, असं नाही, ही दुसरी. आमची मोठी माय काय म्हणायची? ताल चुकला तर चुकू दे, फेर सोडू नको. म्हणजे उद्या पुन्हा ये आणि ताल बरोबर येईपर्यंत नाच!

ओटा की स्टेज?

आता गल्ल्या बदलल्या. ओटे गेले, संध्याकाळी क्लासेस आले. टीव्ही आला, मोबाइल आला. गुलाबाई दारोदार फिरायची कमी झाली. मग जळगाव शहरात भुलाबाई महोत्सव भरू लागला. केशवस्मृती प्रतिष्ठान तो भरवतं. शाळाशाळांतल्या मुलींचे गट येतात, नटूनथटून गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात. ज्या मुलींनी गुलाबाईचं नावही ऐकलं नव्हतं, त्या आजीकडे बसून गाणी पाठ करतात. ही काय लहान गोष्ट आहे?

पण स्टेजवर एक बारीकसा बदल होतो. नीट बघा हं. अंगणात फेर पूर्ण गोल असतो, सगळ्यांची तोंडं आत, एकमेकींकडे. स्टेजवर मात्र गोल फुटतो आणि त्याची अर्धी चकती होते, कारण सगळ्यांची तोंडं प्रेक्षकांकडे हवीत! बघणारे आले, परीक्षक आले, की निवड आली. निवड आली, की ‘तू, तू आणि तू’ आलं. आणि मग कुणीतरी पडदा ओढायला जातं.

स्टेज वाईट असं मी म्हणत नाही. भवाडाही लोक बघतातच की! पण स्टेजवर जाणारा नाच आधी अंगणात पूर्ण गोल नाचलेला असावा, एवढंच माझं म्हणणं.

तुमचा फेर

यंदा तुमच्या वर्गाचा, नाहीतर गल्लीचा, एक फेर धरून बघा. पैसे लागत नाहीत.

सुरुवातीला ‘‘नाचता येतं का?’’ असं कुणाला विचारू नका. ‘‘तुला काय येतं?’’ असं विचारा. कुणी शिट्टी वाजवेल, कुणी चित्र काढेल, कुणी नकला करेल, कुणाच्या आईकडे जुनी लुगडी असतील. जे येईल ते फेराचं.

मग गोष्ट निवडा, तीही तुमच्या गावची. केळीची बाग, कापसाची वेचणी, भुसावळचं स्टेशन, धुळ्याची पांझरा नदी. काही नाहीच सुचलं, तर वांग्याचं भरीत आहेच! वांगी भाजायची, सोलायची, ठेचायची, फोडणी द्यायची. प्रत्येक कामाची एकेक हालचाल घ्या आणि आठ-आठ मात्रांत बसवा. चार कामं, बत्तीस मात्रा, झाला की नाच! ताल धरायला टिपऱ्या, ताटं, रिकामे डबे पुरे.

गाणं स्वतः रचा. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी दळता-कांडता त्यांनी केवढी गाणी रचली! तुम्हांला तर लिहिताही येतं.

मुलगे आणि मुली दोघंही घ्या. पलीकडच्या गल्लीतल्यांना बोलवा. वर्गात जिच्याशी कुणी बोलत नाही, तिला सगळ्यांत आधी बोलवा. पायानं अधू असलेल्या मित्राला फेराच्या मधोमध बसवा आणि ढोल त्याच्या हाती द्या. मग सगळा फेर त्याच्याच तालावर फिरेल!

रोज थोडा वेळ तालीम करा आणि सुरू करण्याआधी दोन मिनिटं अगदी गप्प उभे राहा. वाटतं तितकं ते सोपं नाही, बघाच.

आणि शेवटचा नियम माझा. नाच संपत आला, की फेर उघडा आणि बघणाऱ्यांना आत ओढा. बाईंना, आजोबांना, दारात उभ्या असलेल्या शिपाईकाकांना. आणि हो, पडदा ओढणारीला विसरू नका! दोरी सोडून तिलाही पळत येऊ दे.

नंतर खिरापत वाटा. पण डबा झाकलेलाच ठेवा हं. सगळ्यांनी मिळून ओळखल्याशिवाय उघडायचा नाही!